तातझिरीची आंघोळ

बाळाच्या अंगावर पहिला तांब्या ओतण्याआधी जयवंताबाई उजवा कोपर पाण्यात बुडवायच्या आणि डोळे मिटायच्या. तेवढ्या वेळात न्हाणीघराच्या दाराशी उभी असलेली सगळी माणसं गप्प व्हायची. पहिलटकरणीचा नवरा तर श्वाससुद्धा घ्यायचा नाही. मग बाई डोळे उघडायच्या, विसण म्हणून थोडं गार पाणी मिसळायच्या किंवा मिसळायच्या नाहीत, आणि म्हणायच्या, "हं, द्या माह्या राजाले इकडं." बाळ त्यांच्या लांब पसरलेल्या पायांवर पालथं पडायचं आणि त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

नागपूरच्या मनीषनगरातल्या कितीतरी इमारतींत त्यांचं असं जाणं-येणं होतं. कुणाची सून बाळंत झाली की दवाखान्यातून घरी यायच्या आतच निरोप निघायचा, मालीशवाल्या मावशींना सांगा. बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून, धुरी देऊन, घट्ट गुंडाळून आईच्या हाती दिलं की मग बाळंतिणीची पाळी. पाठ, कंबर, पोटऱ्या, आणि शेवटी कढत पाणी. अंगातून वाफ निघाली पाहिजे, हा बाईंचा कायदा. एखादी मुलगी कळवळून म्हणायची, "पुरे हो मावशी, भाजतंय!" तेव्हा त्या तांब्या न थांबवता म्हणायच्या, "भाजू दे वं. असं पानी मंग जन्मभर नाई भेटत."

हे त्या उगाच म्हणत नव्हत्या.

लग्न होऊन जयवंताबाई मौद्याजवळच्या एका शेतकरी घरात गेल्या, तेव्हा दुसऱ्याच सकाळी सासूनं अंगणातली पाण्याची चूल त्यांच्याकडे सोपवली. पहाटे उठून तुराट्या पेटवायच्या, चुलीवर पाण्याचा मोठा गंज चढवायचा, आणि घरातलं शेवटचं माणूस न्हाऊन निघेपर्यंत पाणी कमी पडू द्यायचं नाही. आधी सासरे. मग मोठे दीर, मग नवरा, मग शाळेत जाणारी पोरं, मग सासूबाई, मग जावा. सगळ्यांच्या शेवटी जयवंता. तोवर चुलीत राख झालेली असायची आणि गंजाच्या तळाशी धुराच्या वासाचं कोमट पाणी उरलेलं असायचं. यात कुणी कुणाचा छळ मांडला होता असं नाही. रांगच तशी होती, आणि रांग म्हटली की शेवटी कुणीतरी असणारच.

एकदाच ही रांग मोडली. पहिल्या बाळंतपणाला त्या माहेरी गेल्या, आणि सव्वा महिना त्यांच्या आईनं त्यांना रोज सकाळी पाटावर बसवून कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. डोक्यावरून, मानेवरून, कंबरेवरून तांब्यामागून तांब्या. पाणी संपत आलं की आई चुलीकडे वळायची, आणि पाटावर बसलेल्या जयवंताला कळायचं की अजून आहे. हे 'अजून आहे' त्यांच्या अंगात इतकं खोल जाऊन बसलं की पुढं आयुष्यभर दुसऱ्याच्या लेकीला पाणी घालताना त्यांचा हात आपोआप आईच्या हातासारखा चालायचा. दुसऱ्या खेपेला मात्र आई नव्हती. सासरीच बाळंत झाल्या आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा चुलीपुढे बसल्या.

नंतर नवऱ्याला, रुपरावांना, नागपुरात सदर भागातल्या एका कपड्याच्या दुकानात राखणदारीची नोकरी लागली. दोघं मुलांना घेऊन मनीषनगरच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत राहू लागले. मुलीचं लग्न झालं, मुलगा सौरव मोठा झाला आणि मौद्याच्या थर्मलमध्ये कंत्राटावर कामाला लागून तिकडेच राहिला. तिथं पाणी उकळून त्याच्या वाफेवर वीज करतात हे त्यानं समजावून सांगितलं, तेव्हा रुपराव म्हणाले होते, "म्हंजे मायचाच धंदा धरला गा तू! ते बायांसाठी पानी तपवते, तू सरकारसाठी."

याच सौरवनं एका दिवाळीत आईसाठी म्हणून घरात गीझर बसवून दिला. त्यात रोज सकाळी रुपराव न्हायचे. जयवंताबाई तेव्हा कुणाच्या तरी घरी बाळाला पायांवर घेऊन बसलेल्या असत. दुपारी तेलानं माखलेल्या घरी यायच्या, गीझरच्या बटणाकडे बघायच्या, आणि मनात म्हणायच्या, एकट्या जिवासाठी काय मीटर फिरवा. नळाखाली बादली लावायची, अंगावर घ्यायची, संपलं. डिसेंबरात त्या पाण्यानं दात वाजायचे. मे महिन्यात नागपूरचे नळ स्वतःच तापतात, पण तेव्हा गरम पाणी हवं कुणाला?

असंच चालत राहिलं असतं. मधे उन्नतीचं बाळंतपण आलं.

उन्नती त्याच भागातल्या एका सोसायटीत राहायची. नवरा ऋषिकेश, आणि सासू प्रमोदिनीबाई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मुलगी झाली होती, तिचं नाव अरुंधती ठेवलं होतं, पण एवढं नाव तिच्या अंगावर मावत नव्हतं म्हणून सगळे तिला अरू म्हणत. एक दिवस जयवंताबाई उन्नतीची पाठ चोळत होत्या, आणि उन्नती पालथी पडून फोनवर काहीतरी बघत होती. जयवंताबाईंनी सहज मान वाकवली. एक पांढराशुभ्र डोंगर होता, आणि त्याच्या उतारावर एकाखाली एक अशा पाण्यानं भरलेल्या पराती ठेवल्या होत्या. परातींत माणसं बसली होती. पाण्यातून वाफ येत होती.

त्यांचा हात थांबला. "हे काय होय वं?"

"परदेशातलं आहे मावशी. गरम पाण्याचे झरे. पाण्यातल्या क्षारांचे थर बसून बसून या पायऱ्या झाल्यात म्हणे."

"तपवते कोन?"

"कोणीच नाही. जमिनीतून गरमच येतं."

जयवंताबाई फोनवर आणखी वाकल्या. मग म्हणाल्या, "आन् सरत नाई?"

"नाही सरत. वाहतच असतं."

"पुन्हा लाव बरं ते."

उन्नतीनं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग उताणं होत ती म्हणाली, "अहो, एवढं लांब कशाला? छिंदवाड्याकडे, तामियाच्या पुढे पण आहे एक. तातझिरी नाव आहे. लहानपणी आम्ही गेलो होतो. एवढं मोठं नाही, पण अशाच पायऱ्या आहेत, पिवळट-पांढऱ्या."

त्यानंतर जयवंताबाईंनी तातझिरीचं नाव पुन्हा काढलं नाही. पण मालीश संपायचा दिवस आला, तेव्हा प्रमोदिनीबाईंनी रिवाजाप्रमाणे त्यांना पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, आणि साडी, खण, नारळ, गूळ-खोबरं असं सगळं ताट पुढं केलं. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. जयवंताबाईंनी नारळ घेतला, गूळ-खोबरं घेतलं, आणि साडी हातानं हळूच मागे सारली.

"काहो, रंग नाही आवडला?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"रंग चांगला हाये जी. पन साड्या लय झाल्या. पेटी लागत नाई माही." मग त्यांनी पदर सावरला. "मले ते पानी दाखवा. तातझिरी का काय ते. मले त्या पान्यात बसाचं हाये एकडाव. गळ्यापर्यंत. मन भरेस्तोवर."

प्रमोदिनीबाई बघतच राहिल्या. उन्नती खुदकन हसली आणि म्हणाली, "आई, तुमचे गुडघे पण शेकून निघतील."

घरी रुपरावांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "जिंदगी पान्यात गेली तुही, आन् आता फिरायले कुठं चालली, तर पानी पाहाले!"

"पाहाले नाई जाऊन राहिली मी," जयवंताबाई म्हणाल्या. "न्हायाले जाऊन राहिली."

संत्र्याच्या दिवसांत, एका थंड पहाटे ते निघाले. गाडी भाड्याची, चालक विक्की नावाचा तिशीतला गडी, बोलायला मोकळा आणि घड्याळाला पक्का. पुढं प्रमोदिनीबाई, मागं उन्नती, मांडीवर सहा महिन्यांची अरू, आणि खिडकीशी जयवंताबाई. एका पिशवीत कोरडं लुगडं, टॉवेल आणि शिकेकाई. ऋषिकेशला सुट्टी नव्हती. सावनेरला चहा आणि आलुबोंडे झाले, सौसरच्या पुढं रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग लागले, आणि छिंदवाडा मागं पडल्यावर रस्ता डोंगरात शिरला. जयवंताबाई काचेला नाक लावून बसल्या होत्या. साल आणि साग, मधेच खोल दरी, दरीत दुधासारखं धुकं. तीर्थाला, लग्नाला, मयतीला त्या प्रवास करून आल्या होत्या; नुसतं बघण्यासाठी म्हणून गाडीत बसायची ही पहिलीच वेळ.

"सांगून ठेवतो मावशी," विक्की आरशातून म्हणाला, "तीनच्या आत निघाचं. या घाटात सांजेले धुकं उतरते. मंग मले सामनेचं काहीच दिसत नाई."

"निघू ना गा. न्हायाले किती टाइम लागते?" जयवंताबाई म्हणाल्या.

तातझिरी हे झाडीत लपलेलं लहानसं गाव. गाडी ठेवून थोडं चालावं लागतं. आधी गंधकाचा वास येतो, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात येतो तसा. मग वाफ दिसते. आणि मग एका वळणावर अख्खा उतार समोर येतो.

वरती, टेकडीच्या पोटात एक काळी कपार होती. तिच्यातून पाणी उसळत होतं. त्याच्याभोवती लोखंडी कठडा होता, कारण ते पाणी हात भाजून काढणारं होतं. तिथून ते खाली निघालं की उतारभर पसरायचं, आणि जिथं जिथं पसरायचं तिथं तिथं त्यानं स्वतःच काठ बांधले होते. पांढरे, कुठं लोण्यासारखे, कुठं हळदीच्या बोटासारखे पिवळे. एक परात भरली की तिच्या काठावरून खालच्या परातीत, तिथून आणखी खाली. ऊन पडलं होतं आणि सगळा उतार हळूहळू श्वास घेत असल्यासारखा वाफाळत होता.

प्रमोदिनीबाईंनी फोटो काढला. उन्नतीनं अरूला उंच धरून दाखवलं. जयवंताबाई नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्या कानात फक्त पाण्याचा आवाज होता, आणि त्या चूल शोधत होत्या. डोळ्यांनी खरंच शोधत होत्या. एवढं पाणी, आणि मागं सरपण नाही, फुंकणी नाही, डोळ्यांत धूर गेलेलं कुणी बसलेलं नाही.

"चला, आटपा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

आंघोळीसाठी उताराच्या पायथ्याशी दोन कुंडं बांधलेली होती. गार ओढ्याचं पाणी मिसळून ती अंगाला सोसतील अशी केली होती. बायकांच्या कुंडाला चारी बाजूंनी भिंत होती, आणि दाराशी गावातलीच एक रखवालदार बाई बसलेली होती. सैल अंबाडा, हातात काठी, बोलणं तुटक.

आत शिरल्यावर जे झालं ते असं झालं. कुंडाच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या आणि प्रमोदिनीबाईंचा गुडघा वाकत नव्हता. जयवंताबाईंनी लुगडं वर खोचलं, त्यांना दोन्ही हातांनी धरून पाण्यात उतरवलं, कडेला बसवलं. बसवलंच आहे तर गुडघा चोळून द्यावा म्हणून चोळला. "अहाहा, जयवंताबाई, तिथंच, तिथंच," असं म्हणत प्रमोदिनीबाईंनी डोळे मिटले, मग तो सोडवेना. तोवर अरू जागी झाली. तिला आंघोळ घालायला बादलीत पाणी काढून घेतलं, गार मिसळलं, पायऱ्यांवर बैठक मारून तिला पायांवर घेतलं. बाळ पायांवर आलं की जयवंताबाईंना दुसरं काही दिसत नसे. अरू हसत होती, हात आपटत होती, आणि कुंडातल्या पाच-सहा अनोळखी बायका गोळा होऊन बघत होत्या.

"कितना बढ़िया नहलाती हो!" एकजण म्हणाली. तिच्या कडेवर एक किरकिरं पोर होतं. जयवंताबाईंनी हात पुढं केले. ते पोर गप्प झाल्यावर दुसरीनं पाठ पुढं केली. मग एका म्हातारीनं खांदा. मग ती रखवालदार बाई उठून कुठंतरी गेली आणि आपल्या बाळंतीण सुनेला घेऊनच आली. सून लाजत होती. जयवंताबाईंनी तिला पाटासारख्या एका दगडावर बसवलं आणि मानेवरून, कंबरेवरून गरम पाण्याची धार धरली. तांब्या भरायचा, ओतायचा, भरायचा. पाणी संपतच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पाणी राखून घालायचं नव्हतं, आणि त्या हरखून गेल्या होत्या. 'अजून आहे, अजून आहे,' असं पुटपुटत त्या घालत राहिल्या. उन्नतीचेही केस धुऊन दिले.

बाहेरून विक्कीचा आवाज आला. "मावशी! चला लवकर!"

ओल्या कपड्यांच्या पिशव्या, बाळाचं दूध, प्रमोदिनीबाईंची काठी, सगळं सावरत सगळ्याजणी गाडीशी आल्या. झाडाखाली बसून तिखट पुऱ्या खाल्ल्या आणि निघाल्या. गाडी गावाबाहेर पडली, ओढा ओलांडून चढाला लागली. उन्नती टॉवेलनं केस पुसत होती. पुसता पुसता तिचं लक्ष शेजारी गेलं.

"मावशी, तुमचे केस कोरडेच आहेत."

जयवंताबाईंनी डोक्याला हात लावला. मग मांडीवरच्या पिशवीत हात घातला. लुगडं घडीतलं घडीत होतं. शिकेकाईची पुडी बांधलेली होती.

"अगं माय," त्या हळूच म्हणाल्या. "माही आंघोळ राह्यली."

उन्नतीचा टॉवेल केसांतच राहिला. मग विक्कीला हसू फुटलं. "काय मावशी! तलावावर जाऊन तहानेल्या?"

"हसू नका हो," उन्नती म्हणाली.

प्रमोदिनीबाई मागं वळल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "चुकलंच हो आमचं. माझ्याच गुडघ्यापायी. पण आता धुकं उतरेल, बाळ आहे सोबत. आपण पुन्हा येऊ ना, पुढच्या वर्षी नक्की येऊ."

पुढं काय बोलायचं ते जयवंताबाईंना पाठ होतं. जाऊ द्या जी, काही हरकत नाई. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की ते तोंडात तयारच असायचं. त्यांनी तोंड उघडलंही. पण खिडकीतून खाली, झाडांच्या फटीतून, तो उतार अजून दिसत होता. पांढरा, पिवळा, वाफाळता. पाणी वाहत होतं आणि त्यात कुणीच बसलेलं नव्हतं.

"विक्की," त्या म्हणाल्या, "गाडी फिरव."

"मावशी, घाट—"

"घाट तथीच राहाते. फिरव."

"जयवंताबाई, अहो ऐका..."

"बाई," जयवंताबाई प्रमोदिनीबाईंकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, पण त्यात वादाला जागा नव्हती. "मी साडी नाई घेतली. हे मांगलं. तुमी मले इथं आनलं, तुमचे उपकार हायेत. पन मी न्हाल्याबिगर घरी नाई जात. तुमाले घाई असन तर मले इथं उतरवा, मी उद्या बसनं येतो."

उन्नती म्हणाली, "विक्की, वळवा."

विक्कीनं आरशात प्रमोदिनीबाईंकडे पाहिलं. मुख्याध्यापिका समोर बघत होत्या. मग त्यांनी शाळेतली घंटा वाजवावी तशा आवाजात म्हटलं, "ऐकलं नाही का? वळवा गाडी."

ते कुंडाशी पोहोचले तेव्हा रखवालदार बाई आतून बाहेर येत होती. रोज दुपार कलली की ती कुंडाचा बोळा काढायची. जुनं पाणी रात्रीतून निघून जायचं आणि पहाटेपर्यंत नवं भरायचं. बोळा निघाला होता. जयवंताबाईंनी दारातून डोकावून पाहिलं. पाणी पोटरीपर्यंत उरलं होतं, आणि गटाराच्या तोंडाशी भोवरा घेत खाली जात होतं.

"आप तो चली गई थीं ना?" रखवालदार बाई म्हणाली.

"मेरा नहाना रह गया ना, बाई," जयवंताबाई म्हणाल्या. "सबका हुआ. मेरा रह गया."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मघाशी आपल्या सुनेच्या पाठीवरून फिरलेले ते हात पाहिले. मग काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"चलो," ती म्हणाली. "ऊपर चलो. वहाँ सिर्फ़ हम गाँव की औरतें नहाती हैं."

उताराच्या बाजूनं एक पायवाट वर जात होती. रखवालदार बाई पुढं, तिच्या मागं जयवंताबाई, मागं अरूला घेऊन उन्नती. आणि गुडघा विसरून प्रमोदिनीबाईसुद्धा. विक्कीला खाली झाडाकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं होतं. वाटेत बाई काठांवर पाय देऊ नका म्हणून बजावत होती. हे काठ पाण्यानं बांधलेत, मोडले तर माणसाला बांधता येत नाहीत. वरच्या परातींतलं पाणी उकळतं. मधल्या परातींतलं चटका देणारं. पण एका कडेला, जिथं डोंगरातून एक गार झिरपा येऊन मिळत होता, तिथं एक खोलगट परात होती, बैलगाडीएवढी, बुडाशी गुळगुळीत पांढरी.

"ये वाली," बाई म्हणाली.

जयवंताबाईंनी चपला काढल्या. लुगडं अंगावरच ठेवून त्या कडेच्या खडकावर बसल्या, पाय आत सोडले, आणि एकदम आत उतरल्या. पाणी गुडघ्यांवर आलं, बसल्यावर छातीवर, मग मांडी घातली तेव्हा गळ्यापर्यंत. तोंडातून एक आवाज निघाला, ज्याला शब्द म्हणता येणार नाही. बाळांना पहिला तांब्या लागतो तेव्हा ती असं करतात.

मग त्यांनी हात पाण्यात मोकळे सोडले.

पाणी एका बाजूनं येत होतं आणि दुसऱ्या बाजूनं जात होतं, आणि मधे त्या बसल्या होत्या. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पाठींवर वाकलेली त्यांची पाठ पाण्यानं उचलून धरली होती. खांदे, ज्यांना त्या कधी विचारत नसत, हळूहळू खाली आले. समोर दरी होती, तिच्यापलीकडे निळे होत गेलेले डोंगर होते. सूर्य थोडा कलला होता आणि वाफेत त्याचा उजेड विरघळत होता. आतापर्यंत त्यांनी पाणी नेहमी वरून पाहिलं होतं. आज पहिल्यांदाच ते डोळ्यांच्या रेषेत होतं.

थोड्या वेळानं प्रमोदिनीबाई काठाशी आल्या. "जयवंताबाई, पाठ चोळून देऊ? तुम्ही सगळ्यांची चोळलीत."

"राहू द्या बाई. कोनी हात नोका लावू."

"बरं."

आणखी थोड्या वेळानं, "झालं का?"

"नाई."

खालून विक्की ओरडला, "मावशी, धुकं!"

"असू दे!" जयवंताबाई तितक्याच जोरात ओरडल्या, आणि त्यांचा आवाज दरीत जाऊन परत आला. रखवालदार बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग उन्नती हसली, मग प्रमोदिनीबाई, आणि काय चाललंय ते न कळताही अरू टाळ्या पिटायला लागली.

जयवंताबाईंनी डोकं मागं टेकवलं. अंबाडा सोडला. पांढरे केस पाण्यावर पसरले. त्यांनी नाक धरून एक बुडी मारली आणि वर आल्या, दुसरी मारली, आणि वर आल्या तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्यावर अशी काही चमक होती की उन्नतीनं फोन वर केला आणि मग खाली केला; फोटो काढला नाही. रखवालदार बाईनं शिकेकाई चोळायला खालच्या बाजूला, काठांपासून दूर, एक जागा दाखवली आणि एक कळशीभर पाणी दिलं. ते करून त्या पुन्हा येऊन बसल्या. घाई कुणालाच उरली नव्हती. प्रमोदिनीबाई काठाशी पाय सोडून बसल्या. पाणी वाहत राहिलं, सरलं नाही.

मन भरलं तेव्हा जयवंताबाई आपल्या आपण उठल्या. "झालं," त्या म्हणाल्या. कोरडं लुगडं नेसल्या. रखवालदार बाईच्या हातात वाटेत घेतलेलं नारळाएवढं एक संत्रं ठेवलं आणि तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

ही गोष्ट पुढं मनीषनगरात बरीच फिरली. मालीश संपली की साडीऐवजी जयवंताबाईंना कुठं न्यायचं याची चर्चा व्हायला लागली. एका घरानं त्यांना किनवटकडे उनकेश्वरला नेऊन आणलं. दुसऱ्या घरानं थेट कोकणातल्या झऱ्यांवर. प्रत्येक ठिकाणी त्या सर्वांत आधी पाण्यात उतरत, आणि मग ज्याला चोळून हवं त्याला चोळून देत. तातझिरीची सर कशालाच नाही, असं परत आल्यावर सांगत. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी घाटात धुकं होतंच. विक्की दिवे लावून गाडी मुंगीच्या पावलानं नेत होता आणि तक्रार करत नव्हता. अरू झोपली होती. प्रमोदिनीबाईंनी आपली शाल मागं देऊन जयवंताबाईंच्या अंगावर घालायला लावली होती. ओल्या केसांचा गोळा मानेवर घेऊन त्या सीटवर रेलल्या होत्या. पापण्या जड झाल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. रुपराव होते.

"कवा येतं वं? मी केव्हाचा वाट पाहून राहिलो."

"धुकं हाये. टाइम लागन."

"झाली का आंघोळ?"

"झाली."

"कसं होतं मंग पानी?"

जयवंताबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. काही दिसत नव्हतं. "गरम होतं," त्या म्हणाल्या.

"आन् माह्या जेवाचं काय?"

"वरन-भात करून ठेवला हाये. गरम करून घ्या."